न उचलता उचललेला फोन

मराठीत फोन लागतो, वाजतो, कट होतो. पण बोलणं सुरू व्हायचं तर तो उचलावाच लागतो. मोबाइल आला, बटणं गेली, काचेवर बोट फिरवायची सवय झाली, तरी ‘तीनदा लावला, उचललाच नाही’ ही तक्रार जशीच्या तशी आहे. टेबलावरच्या फोनमध्ये या क्रियापदाचं एक खरंखुरं यंत्र बसवलेलं असतं: रिसीव्हरच्या वजनाखाली दबून राहणारा आणि रिसीव्हर उचलला की वर येणारा छोटासा खटका. डोक्याला हेडसेट लावून ऑफिसच्या फोनवर बोलायचं म्हटलं की सगळी गुंतागुंत याच खटक्यापाशी येऊन थांबते. हेडसेटवाला काहीच उचलत नाही. मग फोनला कळावं कसं, की कुणी बोलायला आलंय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो ब्रह्मपुरीतल्या एका राईस मिलच्या ऑफिसात. धानाचा हंगाम होता. अंगणात कट्टे उतरत होते आणि भिंतीपलीकडे हलर घरघरत होता. दिवाणजींनी रिसीव्हर मान आणि डाव्या खांद्याच्या बेचक्यात अडकवला होता. एका हाताने वहीचं पान दाबायचं, दुसऱ्याने वजनं उतरवून घ्यायची. त्यांची मान संध्याकाळपर्यंत आखडायची. म्हणून मालकाच्या मुलाने एक हेडसेट मागवला. रिसीव्हरची गुंडाळी वायर फोनच्या कुशीतून काढली आणि त्याच भोकात हेडसेटची पिन घातली. पिन ‘टक्’ करून बसली. दिवाणजींना पलीकडचं सगळं लख्ख ऐकू येऊ लागलं. पलीकडच्याला मात्र दिवाणजींचं अक्षरही पोचेना. ‘हॅलो, हॅलो’ करता करता हेडसेट खराब ठरला आणि कपाटावर गेला.

तो खराब नव्हता. फोनही ठणठणीत होता. दोघांची भाषा जुळत नव्हती, एवढंच.

हात मोकळा करण्यासाठी

हेडसेट ही कानाची सोय आहे असं वाटतं. त्याचा इतिहास पाहिला तर तो हाताच्या सोयीसाठी जन्मला. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मार्च १८७६ मध्ये मिळालं. दोनच वर्षांनी अमेरिकेत एक्स्चेंज उभी राहिली आणि त्यांच्यासोबत एक नवी नोकरी आली: एका गिऱ्हाइकाची तार दुसऱ्याच्या तारेला हाताने जोडून देणं. सुरुवातीला या कामावर पोरं ठेवली गेली. ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे वागत. १ सप्टेंबर १८७८ ला बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर आली आणि पुढची कित्येक दशकं हे काम मुख्यतः बायकांचंच राहिलं.

या ऑपरेटरला ऐकायचं, बोलायचं आणि त्याच वेळी दोन्ही हातांनी दोऱ्या खुपसायच्या-काढायच्या. तिसरा हात आणायचा कुठून? १८८० च्या दशकात एझ्रा गिलिलँड या अमेरिकी संशोधकाने ऐकण्याचा डबा कानाशी आणि बोलण्याचा डबा खांद्यावरच्या पट्ट्यावर बसवला. बैलाच्या मानेवर जू ठेवावं तसा तो प्रकार. पुढे बोलण्याचा भाग छातीवरच्या पत्र्याला टांगला गेला आणि ऐकण्याचा भाग डोक्यावरच्या पट्टीवर चढला. त्या ऑपरेटरच्या हातातल्या दोरीच्या टोकाला जी पितळी पिन असे, तिचाच वंशज आजही गिटारच्या वायरीला आणि स्टुडिओतल्या मोठ्या हेडफोनला असतो. पाव इंच जाडीची ती पिन संगीतासाठी तयार झाली नाही, टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीसाठी झाली.

कानावरचा डबा हलका आणि संवेदनशील केला तो युटा राज्यातल्या नथॅनिएल बाल्डविन यांनी. १९१० मध्ये त्यांनी आपले हेडफोन अमेरिकी नौदलाकडे पाठवले. नौदलाने मागणी नोंदवली, तेव्हा त्यांनी कळवलं की एका वेळी दहाच देता येतील, कारण ते आपल्या स्वयंपाकघरात बसून बनवतात. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन वैमानिकांनी प्लॅन्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली, कारण विमान चालवताना डोक्यावरचं ओझं त्यांना नकोसं झालं होतं. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांचे शब्द चंद्रावरून पृथ्वीवर आले ते याच कंपनीच्या हेडसेटमधून. ऑफिसच्या टेबलावरचे हलके हेडसेट ही या वैमानिकी हेडसेटांची धाकटी भावंडं.

भारतात २८ जानेवारी १८८२ ला कोलकात्याचं एक्स्चेंज ९३ ग्राहकांनिशी सुरू झालं, मुंबईचंही त्याच वर्षी. तालुक्याच्या गावांना मात्र फोन म्हणजे अनेक वर्षं ऑपरेटरच. ट्रंक कॉल लावायचा तर नंबर नोंदवून वाट पाहायची. घाई असेल तर दुप्पट पैशांचा अर्जंट, जीव जात असेल तर आठपट पैशांचा लाइटनिंग. त्या काळात गावातला हेडसेट फक्त एकाच डोक्यावर असे, एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरच्या.

उचलणं म्हणजे नेमकं काय

एक्स्चेंजमधून आलेल्या दोन तारांवर सतत सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो. रिसीव्हर जागेवर असेल तेव्हा वाट बंद, प्रवाह शून्य. तो उचलला की खटका वर येतो, वाट पूर्ण होते आणि वीस ते चाळीस मिलिअँपिअरचा बारीक प्रवाह वाहू लागतो. तो वाहिला, की एक्स्चेंजला कळतं: उचलला. रिसीव्हर ठेवला की प्रवाह तुटतो. घंटी वाजवायला सुमारे ७५ व्होल्टची वेगळी, उलटसुलट होणारी वीज याच दोन तारांवरून पाठवली जाते. प्रवाह वाहू लागला की ती तत्काळ बंद होते. ‘उचलणं’ हा फोनच्या लेखी विजेचा एक शब्द आहे आणि गेली कित्येक दशकं तो बदललेला नाही.

ऑफिसात हेच एक्स्चेंज छोट्या रूपात भिंतीवर लटकतं. त्याचं नाव ईपीएबीएक्स, बोलीत नुसतं ‘इंटरकॉम’. बाहेरच्या दोन-चार लाइनी एका बाजूला, आतली दहा-वीस एक्स्टेन्शनं दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे हे डबे गावोगाव पोचले त्यामागे सी-डॉटचा मोठा हात आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या सरकारी संस्थेने १२८ जोडण्यांचं छोटं डिजिटल एक्स्चेंज बनवलं. त्याचं ग्रामीण रूप १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला सुरू झालं. परदेशी एक्स्चेंजला वातानुकूलित खोली लागे. हे धुळीत आणि उन्हात, एसीशिवाय चालेल असं मुद्दाम घडवलं होतं. ज्या ब्रह्मपुरीचं नाव मे महिन्यात राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत वर असतं, तिथल्या माणसाला या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

चार तारा, चार स्वभाव

एक्स्चेंजकडून दोन तारा येतात, पण फोनपासून रिसीव्हरकडे चार जातात: दोन बोलायच्या, दोन ऐकायच्या. म्हणून गुंडाळी वायरीच्या टोकाची पिन चार पट्ट्यांची आणि लाइनच्या पिनेपेक्षा जरा अरुंद असते. ती लाइनच्या भोकातही सैलसर शिरते, आणि पहिला धोका तिथेच आहे. हेडसेट चुकून लाइनला जोडला तर त्याच्या नाजूक भागांवर ४८ व्होल्ट येतात आणि घंटी वाजली तर त्याहून जास्त. जोडायची जागा ओळखायची सोपी खूण एकच: ज्या भोकातून रिसीव्हरची गुंडाळी वायर निघाली, तेच भोक. काही फोनांना हेडसेटचं चित्र काढलेलं वेगळं भोकही असतं.

बहुतेक फोनांत मधल्या दोन पट्ट्या ऐकण्याच्या आणि कडेच्या दोन बोलण्याच्या असतात. काही कंपन्यांनी मात्र हा क्रम फिरवला. पिन तशीच दिसते, तशीच बसते, आतला संसार मात्र उलटा.

क्रम जुळला तरी माइकचा स्वभाव उरतो. जुन्या काळ्या फोनांत कोळशाच्या कणांचा माइक असे. बोलताना पडदा थरथरला की कण दाबले जात, सैल होत आणि त्यांच्यातून जाणारा प्रवाह कमी-जास्त होई. फोनला हात लागला की तो हलवून किंवा आपटून पाहायची जी जुनी सवय होती, ती या चिकटलेल्या कणांमुळे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी इलेक्ट्रेट माइक बनवला. त्याच्या पातळ पडद्यातच विजेचा भार कायमचा साठवलेला असतो, त्यामुळे तो वाटाण्याएवढा होऊ शकला. आजचे हेडसेट, मोबाइल, कानयंत्रं बहुतांशी त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या जोरावर चालतात. पण त्याच्या पोटात एक चिमुकला अँप्लिफायर असतो आणि त्याला दोन-चार व्होल्टची खुराक लागते, तीही योग्य बाजूने. अधिक-उणे उलटं झालं की तो मुका. फोनने खुराक दिलीच नाही, तरीही मुका.

आमच्या दिवाणजींचं नेमकं हेच झालं होतं. पुढे इंटरकॉम दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकने कपाटावरचा हेडसेट पाहिला, दुसऱ्या खेपेला येताना काडेपेटीएवढी एक डबी आणली आणि ती फोन व हेडसेटच्या मध्ये जोडली. डबीच्या पोटाला एक सरकता खटका होता, त्याला सहा घरं. दिवाणजींनी आपल्याच मोबाइलवर फोन लावून तो शेजारच्या पोराच्या कानाला दिला आणि आकडे म्हणायला सुरुवात केली. पहिलं घर: काही नाही. दुसरं: काही नाही. तिसऱ्या घरात नुसती खरखर. चौथ्यावर पोरगा ओरडला, ‘आला, आला!’ ही सहा घरं म्हणजे पट्ट्यांचे क्रम आणि माइकच्या खुराकीचे वेगवेगळे मेळ. फोनचं मॉडेल माहीत नसेल तर आजही रीत हीच: एक-एक घर सरकवायचं आणि पलीकडच्याला विचारायचं.

उचलण्याचं सोंग

आवाज जुळला तरी मूळ प्रश्न राहतोच. दिवाणजींच्या साध्या जोडणीत घंटी वाजली की रिसीव्हर हाताने उचलून टेबलावर आडवा ठेवायचा आणि बोलणं झालं की परत जागेवर. ते ठेवायला विसरलं की लाइन दिवसभर गुंतलेली आणि गिऱ्हाईक वैतागलेलं. थोड्या बऱ्या फोनांत हेडसेटचं वेगळं बटण असतं. ते दाबलं की फोन आतल्या आत उचलल्यासारखं करतो.

हेडसेट बिनतारी असेल आणि माणूस गोदामात गेलेला असेल तर? यावर निघालेला एक उपाय पाहिला की हसू येतं आणि कौतुकही वाटतं. रिसीव्हरखाली बसवायचं एक छोटं यंत्र मिळतं. माणसाने कानाजवळचं बटण दाबलं की इकडे मोटर फिरते, एक दांडी वर येते आणि रिसीव्हर खरोखर दोन-तीन बोटं उचलून धरते. बोलणं संपलं की अलगद खाली ठेवते. रिकाम्या खोलीत फोन वाजावा आणि रिसीव्हर आपोआप वर व्हावा, हे दृश्य रात्रीच्या वेळी पाहणाऱ्याला ओरडायलाच लावेल.

त्याहून सुटसुटीत मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनिक हूक स्विच. इथे दांडीची जागा एक वायर घेते. हेडसेटचा बेस फोनला वायरीवरून इशारा देतो, ‘उचलला समज’, आणि फोन उलट कळवतो, ‘घंटी वाजतेय’. अडचण जुनीच: हे इशारे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. त्यामुळे वायर घेताना फोनचं मॉडेल आणि हेडसेटचं मॉडेल, दोन्ही दाखवूनच घ्यावी लागते. आता इंटरनेटवर चालणारे फोन आले. त्यांत आवाजाचे साधारण वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास, आणि ते पाकिटांसारखे रवाना होतात. तिथे ‘उचलला’ हा विजेचा प्रवाह उरलेला नाही, नुसता एक निरोप झाला आहे. कॉम्प्युटरला यूएसबीने हेडसेट जोडला की कानाजवळचं बटणच तो निरोप पाठवतं. तरी टेबलावरच्या नव्याकोऱ्या फोनला रिसीव्हर असतो, आणि त्याच्याखाली खटकाही.

पायाने बोलणारी लाइन

ब्रह्मपुरीच्या भागात हेडसेटचं मोठ्या जबाबदारीचं काम रेल्वेत झालं. गोंदियाहून निघालेली लाइन वडशाहून वैनगंगा ओलांडते, ब्रह्मपुरी आणि नागभीडवरून सिंदेवाही, मूल करत जंगलातून चांदा फोर्टकडे जाते. अशा मार्गावरच्या स्टेशनांना कंट्रोल ऑफिसशी जोडणारा फोन वेगळ्याच रीतीचा असतो: एकच लाइन आणि तिच्यावर ओळीने सगळी स्टेशनं, एखाद्या वेलीला काकड्या लागाव्यात तशी. कंट्रोलरला एका स्टेशनला बोलवायचं असेल तर त्या स्टेशनचा सांकेतिक आकडा दाबतो, मग तिथलीच घंटी वाजते. स्टेशन मास्तरला मात्र आकड्याची गरज नसते. तो उचलतो आणि स्टेशनचं नाव सांगून बोलायला लागतो, कारण कंट्रोलर पाळीभर त्या लाइनवर असतोच.

पाळीभर रिसीव्हर कानाला धरणं शक्य नाही आणि परवडणारंही नाही. कंट्रोलरचा हात तक्त्यावर लागतो. आडवी वेळ, उभी स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ, असा तो तक्ता. गाडी अमुक वाजता सुटली असं स्टेशनने कळवलं की रेघ पुढे सरकते. आता हे काम कॉम्प्युटरवरही होतं. म्हणून कंट्रोलरच्या कानावर हेडसेट किंवा समोर स्पीकर, आणि बोलण्यासाठी टेबलाखाली पायाचा खटका. दाबला की त्याचा आवाज लाइनवर जातो, सोडला की तो नुसता ऐकतो. हात रेघेत, कान लाइनवर आणि बोलणं पायाच्या हुकमात. हेडसेट कशासाठी हे एका चित्रात दाखवायचं असेल तर मी हेच दाखवीन.

मिलचा आवाज कुठे जातो

हलरच्या घरघराटात दिवाणजींचं बोलणं पलीकडे स्वच्छ पोचतं, यातली जादू अगदी साधी आहे. चांगल्या माइकला दोन भोकं असतात, एक तोंडाकडे आणि एक मागे. लांबचा आवाज दोन्ही भोकांतून जवळजवळ सारखाच शिरतो, पडद्याला दोन्ही बाजूंनी सारखा ढकलतो आणि आपोआप खलास होतो. तोंडाचा आवाज जवळच्या भोकातून जोरात शिरतो, म्हणून तो टिकतो. मात्र माइक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर हवा आणि खुणेची बाजू तोंडाकडे हवी. हनुवटीखाली सरकवलेला माइक गिऱ्हाइकाला दिवाणजी कमी आणि मिल जास्त ऐकवतो.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. फोनवर बोलताना आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येतो, तो मुद्दाम सोडलेला असतो. तो नसेल तर लाइन मेल्यासारखी वाटते आणि माणूस ओरडू लागतो. फार झाला तर माणूस आपोआप हळू बोलतो. नव्या हेडसेटवर दिवाणजी पहिले दोन दिवस गावजेवणाला हाक मारावी तसे बोलत होते, ते याच कारणाने. डबीवरच्या चकतीने आवाज बेताचा केला आणि त्यांचा सूर उतरला. कानाजवळचा आवाज अचानक फार मोठा झाला तर इजा होऊ शकते, म्हणून चांगल्या हेडसेटात आवाजाला वरची मर्यादा घातलेली असते. आणि उन्हाळ्यात दोन्ही कान झाकणाऱ्या रेक्झिनच्या गाद्यांपेक्षा एका कानाचा, फोमचा हेडसेट बरा. फोम धुता येतो, आणि दुसरा कान अंगणातल्या ट्रॅक्टरसाठी मोकळा राहतो.

पलीकडचं डोकं

ब्रह्मपुरीच्या माणसाने स्वतः हेडसेट लावला नसेल, पण हेडसेटवाल्या माणसाशी तो नक्की बोललेला असतो. धानावर तुडतुडे आले की किसान कॉल सेंटरला फोन जातो. ही सेवा २१ जानेवारी २००४ ला सुरू झाली. अपघात झाला की १०८ लावला जातो. ही सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि बांधावरून केलेला तो फोन पुण्याच्या औंधमध्ये कुणाच्या तरी कानात पडत असे. वाघ गावाजवळ दिसला की वन विभागाचा १९२६ आहे. पलीकडचा माणूस गावाचं नाव विचारतो आणि विचारता विचारता टाइप करतो. तो हातात रिसीव्हर धरून बसला असता तर आधी लिहून घेऊ की आधी ऐकू, या पेचात दोन मिनिटं गेली असती. अशा ठिकाणी हेडसेटच्या वायरीला मध्येच सुटणारा जोड असतो. पाळी बदलताना हेडसेट डोक्यावरच राहतो, जोड सुटतो, आणि लागलेला फोन न तुटता दुसऱ्याकडे जातो. नवख्याला शिकवायची एक दुहेरी वायरही असते. शिकवणारा आणि शिकणारा दोघेही ऐकतात, पण बोलायचं कुणी ते शिकवणाऱ्याच्या बोटाखाली.

राईस मिलमध्ये आता हंगामात हेडसेट कायमचा लागलेला असतो. रिसीव्हर टेबलावर उताणा पडलेला, पेन चालू, कट्ट्यांचे आकडे वहीत उतरताहेत. परवा धान घेऊन आलेली एक म्हातारी दारात थबकली आणि दिवाणजींकडे पाहतच राहिली. समोर कुणी नाही, हातात फोन नाही, आणि माणूस मात्र भाव सांगतोय. ‘कोनासंग बोलता जी?’ तिने शेवटी विचारलंच. दिवाणजींनी पेनाने कानाकडे बोट केलं आणि लिहीत राहिले. दोन्ही हात मोकळे होते. मान मात्र जुन्या सवयीने अजून डाव्या खांद्याकडे कललेलीच होती.